बागायतदार मंडळाचा बॅकअप

बॅकअप हा शब्द आमच्या आळीत पहिल्यांदा उच्चारला गेला तो केळ्याच्या भज्यांची बशी पुढे असताना. उच्चारणारा माझा मेहुणा फेबियन दुसऱ्याच दिवशी बहारीनच्या विमानात बसून निघून गेला. निस्तरायला मी उरलो.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आखातातून सुट्टीवर येणारा माणूस रेडिओ-टेपचा टू-इन-वन आणायचा, अत्तराच्या बाटल्या आणायचा, फार तर सासूला ब्लँकेट आणायचा. फेबियन तिकडे कॉम्प्युटरवर काम करायचा, त्यामुळे त्याने कॉम्प्युटर आणला, आणि तोही घरासाठी नाही, गावासाठी. आमच्या सागरपट्टी बागायतदार सहकारी मंडळाला त्याने तो भेट दिला. हे मंडळ गावची केळी, विड्याची पानं आणि फुलं दादरला पाठवतं. अध्यक्ष जगन्नाथ राऊत गुरुजी. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण हेडमास्तरकी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा ठराव केल्याशिवाय घेऊ नये असं त्यांचं मत, म्हणून तो कॉम्प्युटर ठराव होईपर्यंत मंडळाच्या ओसरीवर गोणपाटाखाली बसून होता.

ठराव झाला आणि भांडण सुरू झालं. चर्चच्या कॉयरच्या फ्लॉसीबाई म्हणाल्या, फेबियन आमच्या कॉयरमध्ये गायचा, तेव्हा यंत्रावर पहिला हक्क कॉयरचा. वाचनालयाच्या सरलाताई म्हणाल्या की विद्येची वस्तू विद्येच्या जागी हवी, केळीच्या घडांत नको. गुरुजींनी खोलीला कुलूपच लावलं.

फेबियनने यावर तोडगा काढला. त्याने असं काहीतरी सॉफ्टवेअर घातलं की एका यंत्राची तीन यंत्रं झाली. बाहेरून डबा एकच, पण आत मंडळाचं एक, कॉयरचं एक आणि वाचनालयाचं एक असे तीन कॉम्प्युटर, आणि प्रत्येकाला वाटावं की घरात आपण एकटेच. एक कळ दाबली की मंडळ, दुसरी दाबली की कॉयर. मला हे समजायला वेळ लागला, पण आमच्या आळीतल्या बायकांना एका वाक्यात समजलं. तीन भावांचं घर, तीन चुली, आणि पाणी मात्र एकाच विहिरीचं. अशा घरात काय काय होतं हेही त्यांना ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भजी खाताना फेबियन म्हणाला, "भाऊजी, विहीर आटली तर तिन्ही चुली बंद. आतल्या सगळ्याचा बॅकअप ठेवायला हवा. कोणीतरी जबाबदार माणूस बघा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तुस्कानो, मुंबईला विमा कंपनीत वरिष्ठ सहायक. आग, पूर, चोरी आणि मरण या चार गोष्टींचा विचार करण्यासाठी मला पगार मिळतो. भजं तोंडात असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. पुढच्या सभेत मला 'प्रतिरक्षक' असं पद देण्यात आलं. हा शब्द गुरुजींनी स्वतः तयार केला होता.

आता मी खरं सांगतो, मला ते पद आवडलं होतं. ऑफिसात माझ्या हाताखाली एक पंखा होता आणि तोही दोघांत. इथे मी प्रतिरक्षक होतो. मी रविवारी लुंगीऐवजी पँट घालून मंडळात जायला लागलो.

फेबियनने मला काळ्या, पातळ, चौकोनी फ्लॉप्यांचा एक खोका दिला होता आणि सोबत ताकीद दिली होती. यांना वाकवायचं नाही, भिजवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, दाबायचं नाही, लोहचुंबकाजवळ न्यायचं नाही. माझी धाकटी झाली तेव्हा सुइणीने याहून कमी सूचना दिल्या होत्या. शिवाय तो म्हणाला होता की नक्कल काढताना आतली तिन्ही यंत्रं एकदम थांबलेली हवीत. एखादं चालू राहिलं तर नक्कल अर्धवट येईल, जसा हलणाऱ्या माणसाचा फोटो येतो.

तिन्ही एकदम थांबवणं हे काम मला वाटलं त्यापेक्षा कठीण निघालं. मंडळ सकाळी फुलांच्या नोंदी करायचं. कॉयरची तालीम संध्याकाळी. वाचनालय रविवारी, नेमकं चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेच्या वेळी, कारण तेव्हा गर्दी कमी असते असं सरलाताईंचं म्हणणं. मी प्रत्येकाकडे गेलो. फ्लॉसीबाई म्हणाल्या, आम्ही थांबू, पण आधी मंडळ थांबू दे. गुरुजी म्हणाले, मंडळ कोणासाठी थांबत नाही. सरलाताई म्हणाल्या की त्या दोघांनी थांबल्याचं लेखी दिलं तर त्या विचार करतील. शेवटी मी रविवारची, दुपारच्या जेवणानंतरची वेळ शोधली. त्या वेळी आमच्या पट्ट्यात कुत्रंसुद्धा भुंकत नाही, सगळी वसई आडवी झालेली असते. त्या वेळेला कोणाचा विरोध नव्हता, कारण कोणी जागंच नव्हतं. माझी दुपारची झोप मात्र गेली, आणि माझ्या वयाच्या माणसाला ती पेन्शनपेक्षा प्रिय असते.

नकला तीन काढायच्या आणि तीन ठिकाणी ठेवायच्या, असा माझा बेत होता. एक मंडळात, एक गावातच पण दुसऱ्या छपराखाली, आणि एक गावाबाहेर. गाव जळालं तर बाहेरची, बाहेरचं बुडालं तर गावातली. विम्याच्या भाषेत याला जोखीम वाटून घेणं म्हणतात. आमच्या आळीत याला काय म्हणतात ते मला लवकरच कळलं, कारण प्रत्येकाने सल्ला दिला. शेजारचे हरिश्चंद्र म्हात्रे, ज्यांची पानवेल आमच्या कुंपणाला लागून आहे, ते म्हणाले की भाताच्या कणगीत खोल पुरून ठेव, आमच्या आजोबांनी त्यात बंदूक लपवली होती. नंतर ती बंदूक सापडली का हे त्यांना आठवत नव्हतं. कोणी डांबराच्या गोळ्या सुचवल्या, कोणी कडुनिंबाचा पाला. माझ्या मोठ्या बहिणीने, मार्गारेटने, फ्लॉप्यांना फादरकडून पाणी शिंपडून घ्यावं असं सुचवलं. भिजवायचं नाही या कलमाखाली मी ते नाकारलं आणि ती माझ्याशी काही दिवस बोलली नाही.

या सगळ्यात एक व्यक्ती खऱ्या अर्थाने माझ्यावर विसंबून होती. ती म्हणजे माझी बायको लिडिया.

लिडिया शाळेत शिकवते. वाचनालयाच्या वाट्याच्या यंत्रात तिने स्वतःचं एक काम सुरू केलं होतं. आमच्याकडे लग्नात बायका जी गाणी म्हणतात, उटण्याची, मांडवाची, व्याह्याची टिंगल करणारी, ती सगळी म्हणणारी क्लेमेंटीन मावशी एकटीच उरली होती. लिडिया तिच्याकडे जाऊन बसायची आणि गाणी उतरवून घ्यायची. आम्ही टेपरेकॉर्डर नेऊन पाहिला होता, पण मावशीने तो परत पाठवला. तुम्ही माझा आवाज डब्यात भरून ठेवाल आणि मी मेल्यावर लोकांना घाबरवाल, असं तिचं म्हणणं. म्हणून कागद आणि पेन्सिल. मग ते कागद पाहून लिडिया कॉम्प्युटरवर टाइप करायची. यंत्राला आपली अक्षरं येत नसत, सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं लागायचं. मंडळाचा अहवालही तसाच, आणि तो वाचताना माणसाचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा व्हायचा.

टाइप करून झालं तेव्हा कागदांचा गठ्ठा कपाटात ठेवायला लिडिया जागा करत होती. मी तिला सांगितलं की मी असताना हा पसारा कशाला, माझ्याकडे तीन प्रती आहेत. तिने मला एकदा विचारलं, नक्की ना. मी प्रतिरक्षक म्हणून हसलो. ते कागद मंडळात गेले आणि अबोलीच्या पुड्या बांधायला लागले. एक अख्खं उटण्याचं गाणं दादरच्या फुलबाजारात गेलं असणार.

आता प्रतींकडे वळतो.

पहिली प्रत मंडळाच्या लोखंडी कपाटात ठेवायची होती. पण गुरुजींनी ती आत ठेवू दिली नाही. नक्कल म्हटली की ती साक्षांकित हवी, राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का नसलेली नक्कल म्हणजे नुसतं प्लास्टिक, असं ते म्हणाले. मी समजावून पाहिलं. त्यांनी मला विचारलं की तुमच्या विमा कंपनीत साक्षांकित नसलेला मृत्यूचा दाखला चालतो का. चालत नाही. मी फ्लॉप्या पिशवीत घातल्या.

माणिकपूरला केळुसकर साहेब राहत. ते सरकारात राजपत्रित अधिकारी होते, मंडळाचे मार्गदर्शक होते आणि देहाने भरभक्कम होते. त्यांचा कोट त्यांच्या आधी खोलीत यायचा. ते नियमाने वागणारे सरळ गृहस्थ. त्यांनी फ्लॉपी हातात घेतली, उलटी केली आणि विचारलं, "मूळ प्रत कुठे आहे?"

मी म्हटलं, मशीनच्या पोटात.

"मग मी ताडून कशी पाहणार? न पाहता सही मी आयुष्यात केलेली नाही."

हे त्यांचं बरोबरच होतं. तेव्हा साहेब रिक्षाने मंडळात आले. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, फ्लॉपी खिडकीच्या उजेडात धरून मधल्या भोकातून बाहेरची केळीची बाग पाहिली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि दोन्ही सारखं आहे असं जाहीर केलं. मग बॉलपेन काढलं. मी दाबायचं नाही एवढं म्हणेपर्यंत गुरुजींनी मला डोळ्यांनी गप्प केलं. साहेबांची सही दणकट होती, खाली दोन रेघा मारायची त्यांना सवय होती, आणि शिक्का तर त्यांनी असा मारला की टेबलावरचं पाणी हिंदकळलं. प्रत्येक फ्लॉपीवर. शेवटी गुरुजींनी त्यांना अर्ज टाचणीने जोडला. टाचणी आरपार गेली याचं त्यांना समाधान वाटलं, कारण अर्ज सुटून पडणार नव्हता.

दुसरी प्रत फ्लॉसीबाईंकडे चर्चमधल्या कॉयरच्या खोलीत दिली. दगडी भिंती, उंच छत, ओल नाही, चोर नाही. फ्लॉसीबाईंनी ती जिवापाड जपली. नंतर कळलं की खोलीतली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून त्यांनी ती सणाच्या मोठ्या लाउडस्पीकरच्या मागच्या खोबणीत, त्यातल्या लोहचुंबकाला अगदी चिकटून ठेवली होती. तिथे कोणाचा हात पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. हातापुरतं ते खरं होतं.

तिसरी प्रत गावाबाहेर, अर्नाळ्याला. तिथली जिजा आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी घेऊन येते आणि लिडियाची मैत्रीण आहे. मी विरारहून एसटीने प्रत घेऊन गेलो, पूर्ण वाटभर छातीशी धरून, शेजारी बसलेल्या बाईच्या टोपलीतलं पाणी पायावर घेत. समुद्र इतका जवळ पाहून मी आधी जिजाला भरतीबद्दल विचारलं.

जिजा म्हणाली, "भाऊ, पानी दारात आला तरी माळ्यावर कधी येत नाय. माळ्यावर माझा लग्नातला लुगडा आहे, त्याच्यापेक्षा तुझा हा जास्त हाय का?"

मी म्हटलं, नाही. प्रत लुगड्याशेजारी गेली. खाली सुक्या बोंबलांची रास होती, पण वासाबद्दल फेबियनने काही सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर गावचा सण आला. कॉयरने चर्चपासून मंडळापर्यंत रोषणाई केली आणि दिव्यांच्या माळांची तार मंडळाच्या बटणातून घेतली, कारण तेच जवळ पडत होतं. मिरवणूक दारात आली, सगळ्या माळा एकदम लागल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आत डब्यातून जळक्या रबरासारखा वास आला. मग डबा गप्प झाला. तिन्ही चुली विझल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळात जमलेल्या लोकांचे चेहरे कोणी वारल्यासारखे होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी शांत होतो. सांगायला हरकत नाही, आतून थोडा खूशही होतो. विमेदाराच्या घरी आग लागल्यावर कागद घेऊन उभा राहणारा माणूस मी. मी म्हणालो, घाबरू नका, तीन प्रती आहेत.

अंधेरीहून विश्वनाथन नावाचा तंत्रज्ञ आला. अबोल माणूस, घड्याळाकडे बघत काम करणारा. त्याने आतली जळालेली चकती बदलली आणि प्रती मागितल्या. पहिली प्रत हातात घेतली, सही पाहिली, शिक्का पाहिला, टाचणी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. ती त्याने यंत्रात घातलीसुद्धा नाही. दुसरी घातली. यंत्राने तिच्यात काहीच नाही असं सांगितलं. फ्लॉसीबाईंनी आपण ती कुठे ठेवली होती ते अभिमानाने सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

मी त्याच दिवशी अर्नाळ्याला गेलो. जिजाने माळ्यावरून लुगडं काढलं, खालून प्रत काढली. फ्लॉप्या धड होत्या. फक्त त्यांच्यावर चिकटवलेली कागदी नावं नव्हती. झुरळांना खळ आवडते, आणि मी घरची भाताची खळ वापरली होती. कोणती मंडळाची, कोणती कॉयरची, कोणती वाचनालयाची, काहीच कळेना. तीन चुलींचं पीठ एका डब्यात आलं होतं.

विश्वनाथनने एकेक घालून बरंच लावून दिलं. कॉयरचं मिळालं. पुस्तकांची यादी मिळाली. मंडळाच्या नोंदी मिळाल्या. राहिल्या तीन फ्लॉप्या. मंडळाचा वार्षिक अहवाल मोठा होता, तो पहिला भाग आणि दुसरा भाग असा दोन फ्लॉप्यांवर मावला होता. तिसरी लिडियाच्या गाण्यांची. यातली पहिल्या भागाची, पहिल्याच ओळीत मंडळाचं नाव असल्यामुळे, ओळखू आली. उरलेल्या दोनांपैकी एक वाचली जात होती आणि एक वाचली जात नव्हती. विश्वनाथनला मराठी येत नव्हतं. त्याने विचारलं, ही जी चांगली आहे ती अहवालाची की गाण्यांची?

मी म्हणालो, उघडून बघू या.

गुरुजी म्हणाले, "तुस्कानो, अहवाल समितीने मंजूर केलेला आहे. सभेपूर्वी तो कोणीही उघडता कामा नये."

मग त्यांनी तिथल्या तिथे समितीचे जे सभासद हजर होते त्यांची बैठक घेतली. मंडळाचं काम आधी, हौस नंतर, सबब जी फ्लॉपी चांगली आहे ती मंडळाची आणि जी बिघडलेली आहे ती वाचनालयाची समजण्यात यावी, असं एकमताने ठरलं. माझं मत विचारलं गेलं नाही, कारण प्रतिरक्षकाला मत नसतं हे त्या दिवशी समजलं. विश्वनाथनने चांगली फ्लॉपी अहवालाच्या पहिल्या भागाच्या शेपटाला जोडली आणि तो स्टेशनकडे निघून गेला.

घरी जाऊन लिडियाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी वाटेत वाक्यं तयार केली होती. विम्यात आम्ही वारसांशी बोलतो तशी. ती नारळ खवत होती. मी सांगून झाल्यावर तिने खवणं थांबवलं नाही. नारळ खवून झाल्यावर म्हणाली की जेवायला बसा. बस, एवढंच. आरडाओरडा केला असता तर मी काहीतरी बोलू शकलो असतो.

ती पुन्हा क्लेमेंटीन मावशीकडे गेली. मावशी त्या पावसाळ्यात पडली होती, खाटेवर होती, आणि तिचं मन गाण्यांत नव्हतं.

"मी एकदा दिली ती दिली," मावशी म्हणाली. "दिलेली वस्तू कोणी माघारी मागतं का? आता माझ्याकडं नाय."

लिडिया घरी आली. मला ते तिच्याकडून नाही, मार्गारेटकडून कळलं. त्यानंतर आमच्या घरात कालवणाला मीठ बरोबर असायचं, कपडे धुतलेले असायचे, आणि कोणी गुणगुणायचं नाही. लिडिया भात शिजताना गुणगुणते हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी दुपारी झोपायचा प्रयत्न केला, झोप येईना.

वार्षिक सभा आली. शाळेच्या पटांगणात मांडव, समोर सतरंज्या, बायकांची बाजू वेगळी. सभेनंतर बटाटेवडे असल्यामुळे उपस्थिती उत्तम होती. क्लेमेंटीन मावशीसुद्धा नातवाचा हात धरून आली होती, वडे तिला आवडतात. लिडिया तिच्या शेजारी बसली. मी पुरुषांत शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला.

व्यासपीठावर केळुसकर साहेब. कोट, हार, आणि शाळेची एक खुर्ची, जी मुलांच्या मापाची नसली तरी साहेबांच्या मापाचीही नव्हती. गुरुजी अहवाल घेऊन उभे राहिले. कागद त्याच दुपारी छापून आला होता, लांबच लांब, कडेला भोकं असलेला. गुरुजींची वाचण्याची पद्धत शुद्धलेखन घालण्याची. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, त्यामुळे ते एकेक अक्षर टिपत जात, अर्थाकडे बघायला त्यांना सवड नसे. केळीचं झालं, पानांचं झालं, फुलांचं झालं. लोक पेंगायला लागले. गुरुजी पहिल्या भागाच्या शेवटाला आले.

"आणि अशा या मंगल प्रसंगी," ते वाचत होते, "आपले मार्गदर्शक माननीय केळुसकर साहेब यांच्या रूपाने," इथे त्यांनी पान उलगडलं, "आला गं आला, व्याही आला. पोट आधी, मग कोट आला. कोटामागून व्याही आला."

पेंगणारे जागे झाले. गुरुजी थांबले नाहीत. मंजूर झालेला अहवाल मध्येच थांबवायचा नसतो. त्याच आवाजात, त्याच संथपणे ते पुढे गेले.

"खुर्ची दिली, मावेना गं. पाट दिला, पुरेना गं. विहीणबाई, सांगा आता, उखळ देऊ बसायला?"

साहेबांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले. मांडवात मागच्या कढईतल्या तेलाचा आवाज ऐकू येऊ लागला. आणि त्याच क्षणी मला कळलं की हे कुठून आलं आहे, आणि मी खांबामागून बाहेर येऊन बायकांच्या बाजूला पाहिलं. लिडिया उभी राहिली होती. हात तोंडावर.

मग क्लेमेंटीन मावशीचा आवाज आला. जाड, खरखरीत, पण सगळ्यांना ऐकू जाणारा.

"गुरुजी, चूक हाय. उखळ नाय. होडी देऊ बसायला."

गुरुजींनी चष्मा वर करून पाहिलं. शुद्धलेखनात चूक निघाल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दुरुस्ती केली. पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं, पण तोवर मावशीने ती म्हणायला घेतली होती. वाचून नव्हे, चालीवर. तिला चाल लागल्यावर शेजारच्या दोघी-तिघींना ध्रुवपद आठवलं, मागून हरिश्चंद्रांच्या घरच्या बायकांनी टाळ्या धरल्या, आणि बघता बघता बायकांची अख्खी बाजू साहेबांना होडीत बसवून वसईच्या खाडीतून पलीकडे नेऊ लागली. तिथे विहीण काठी घेऊन उभी होती.

मी साहेबांकडे पाहायला धजत नव्हतो. शेवटी पाहिलं. हार थरथरत होता. मला वाटलं संताप. पण साहेबांचं पोट हलत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मालवणकडचे. त्यांच्या लग्नात त्यांच्या मामाला असंच काहीतरी म्हटलं होतं आणि मामा जेवणावरून उठून गेला होता, असं त्यांनी भाषणात सांगितलं. सहकाराबद्दल त्यांनी त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. गुरुजींनी मात्र उरलेली सगळी गाणी शेवटपर्यंत वाचली, उटण्याची, मांडवाची, पाठवणीची, एकही ओळ न गाळता, आणि मावशी जिथे अडवील तिथे दुरुस्ती केली. मग अहवाल टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अहवालाचा खरा दुसरा भाग केळीवरच्या करपा रोगाबद्दल होता. तो हरवल्याचं आजतागायत कोणी विचारलेलं नाही.

वडे खाताना लोक माझं अभिनंदन करायला लागले. बेत छान होता, कोणाला पत्ता लागू दिला नाहीस, असं हरिश्चंद्र म्हणाले. मी नाही म्हणालो नाही. पुष्कळ दिवसांनी मला बरं वाटत होतं. लिडियाने गुरुजींकडून तो कागद मागून घेतला होता, घडी घालून पदराखाली धरला होता. घरी जाताना माणिकपूरच्या नाक्यावर ती एका दुकानात शिरली आणि कार्बन पेपर घेऊन आली. मी विचारलं, हे कशाला.

"बॅकअपला," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

पुढचे बरेच दिवस ती भात चुलीवर चढवून टेबलाशी बसायची. आपल्या अक्षरांत, कार्बन घालून, दाबून. एकदम तीन प्रती. भात शिजत असायचा आणि ती गुणगुणत असायची, आणि मी ऐकत पडायचो, दुपारची झोप मला पुन्हा लागायला लागली होती. तिन्ही प्रती तयार झाल्यावर एका सकाळी ती पिशवी घेऊन बाहेर पडली आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आली.

त्या प्रती कुठे आहेत हे क्लेमेंटीन मावशीला माहीत आहे. जिजाला माहीत आहे, फ्लॉसीबाईंना, सरलाताईंना, मार्गारेटला, इतकंच काय, गुरुजींनाही माहीत आहे. मी एकदा प्रतिरक्षक या नात्याने सहज चौकशी केली. तेव्हा लिडियाने मला आणखी भात हवा का असं विचारलं.